आई-बाबांचं घर थंड, त्यात आजार: इंग्लंडमध्ये मदत मागायची कुणाकडे?

आई-बाबा इंग्लंडमध्ये वेगळं घर करून राहतात, दोघांपैकी एकाला सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयाचा त्रास आहे आणि बिलाच्या धास्तीने हीटिंग संध्याकाळी तासभरच लागतं. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘आम्हाला कुठे थंडी वाजते? स्वेटर आहेत की!’ जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरासाठी किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. त्याखाली रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि दमेकऱ्याची छाती आधी बोलायला लागते. म्हणजे प्रश्न बिलाचा आहे तसाच औषधपाण्याचाही. तो न्यायचे रस्ते तीन: जीपीची सर्जरी (म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना), कौन्सिल (तिथली नगरपालिका), नाहीतर वीज-गॅस कंपनी. मी तिघांना एकच कसोटी लावते, की शेवटी कुणी घरी येऊन बघतं का.

सर्जरीपासून सुरू करू. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत गॅसच्या बिलाचा विषय निघत नाही, आणि आपली माणसं तो काढतही नाहीत. पण २०१९ पासून एनएचएसने (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने) सर्जरींच्या गटांमध्ये सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर नेमायला सुरुवात केली. औषधाने न सुटणाऱ्या अशा अडचणी ऐकून योग्य जागी जोडून देणं, हेच त्यांचं काम. अपॉइंटमेंट मागताना रिसेप्शनला थेट ‘लिंक वर्करशी बोलायचंय’ म्हणा. फायदा असा की आजाराची नोंद तिथेच असते, पुरावे गोळा करत फिरावं लागत नाही. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याच्या विजेचा खर्च ऑक्सिजन पुरवणारी कंपनी परत देते. तो मिळतोय का, हेही इथेच विचारून घ्या. तोटा हा की लिंक वर्कर स्वतः काही दुरुस्त करत नाही. तो पुढे पाठवतो, आणि पुढे कोण आहे ते गावावर अवलंबून.

‘डॉक्टर हीटिंग लिहून देतात म्हणे’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते अगदीच खोटं नाही. संडरलंडमध्ये जेंटू या गृहसंस्थेने सीओपीडीच्या काही मोजक्या रुग्णांच्या घरी बॉयलर आणि इन्सुलेशन बसवून दिलं होतं. ग्लॉस्टरशरमध्ये २०२१-२२ च्या हिवाळ्यात २८ घरांना आजाराच्या आधारावर हीटिंगचा खर्च दिला गेला, पुढच्या वर्षी तो प्रयोग वाढवलाही. पण हे प्रयोगच. तुमच्या जीपीकडे त्याची चिठ्ठी मिळेल अशा आशेवर हिवाळा घालवू नका.

कौन्सिलचा रस्ता पोस्टकोडच्या नशिबाचा. आजार, घर आणि बिल या तिन्हींसाठी एकच संपर्कस्थान असावं, अशी शिफारस नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये केली. लंडनच्या इझलिंग्टन कौन्सिलने त्याआधीच, २०१० मध्ये, ‘शाइन’ नावाने हे सुरू केलं होतं. नर्सने कळवलं, शेजाऱ्याने कळवलं किंवा स्वतः फोन केला, तरी एका नोंदीवरून बिल, भत्ते, इन्सुलेशन सगळं तपासलं जातं. अशी सोय असलेल्या भागात राहत असाल तर सर्जरीची वाटही बघू नका. बॉयलर किंवा भिंतींचं मोठं काम असेल तेव्हाही कौन्सिलच. वॉर्म होम्स लोकल ग्रँट तिथूनच मिळते: साधारणपणे घराचं वार्षिक उत्पन्न ३६,००० पौंडांपर्यंत, घर स्वतःचं किंवा खासगी भाड्याचं, आणि ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा-प्रमाणपत्रावरची श्रेणी, डी ते जी.

वीज कंपनीकडून घरी कुणी सल्ला द्यायला येईल ही अपेक्षा सोडा. पण तिथली दोन कामं आजच उरकण्यासारखी आहेत. पहिलं, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे वृद्ध-आजारी ग्राहकांच्या यादीत, नाव घालणं. ते फुकट असतं. ठरवून वीज बंद करणार असतील तर आधी कळवतात, आणि हात पोचत नाही अशा जागी प्रीपेमेंट (आधी पैसे भरायचा) मीटर असेल तर तो हलवून देतात. दुसरं, बिल कुणाच्या नावावर आहे ते बघणं. १५० पौंडांची वॉर्म होम डिस्काउंट २०२५-२६ पासून उत्पन्नावर आधारित भत्ते घेणाऱ्या सगळ्या बिलधारकांना मिळते, पण भत्ता घेणाऱ्याचं किंवा जोडीदाराचं नाव बिलावर हवं. आपल्याकडे हौसेने मुलगाच सगळी खाती स्वतःच्या नावावर घेतो, आणि सवलत तिथेच अडकते.

आता घरी येणाऱ्या माणसाबद्दल, कारण खरा फरक तिथे पडतो. ग्राउंडवर्क या संस्थेचे ‘ग्रीन डॉक्टर’ काही शहरांत असे येतात. नाव डॉक्टर, पण हातात दारं-खिडक्यांच्या फटी बंद करायच्या पट्ट्या. असा माणूस भिंतीवरचा थर्मोस्टॅट सोडून आधी बॉयलरकडे जातो. रेडिएटरकडे जाणारं पाणी बहुधा ७५-८० अंशांवर ठेवलेलं असतं. कॉम्बी (वेगळी टाकी नसलेल्या) बॉयलरमध्ये ते ६० वर आणलं की गॅस वाचतो. मात्र आजारी माणसाच्या घरात खोली नीट तापतेय ना, हे बघूनच. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरात जंतूंचा धोका असतो, तिथे जाणकाराशिवाय हात लावू नये. मग तो स्वयंपाकघरात डोकावतो. कुकरच्या शिट्ट्या, पोळ्यांचा धूर, थंडी म्हणून बंद खिडकी आणि रेडिएटरवर वाळत घातलेले टॉवेल, की कपाटामागे काळी बुरशी आलीच. हे फोनवरच्या सल्लागाराला दिसणार नाही. घर कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं असेल, तर ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या अवाब्ज लॉचं नाव घ्या. गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामाच्या दिवसांत करणं घरमालकाला बंधनकारक आहे.

व्हिसाची भीती अनेकांना गप्प बसवते. ‘पब्लिक फंड नाही’ अशी अट असेल तर पेन्शन क्रेडिटसारखे भत्ते मागू नयेत, ते खरं. पण रजिस्टरमध्ये नाव घालणं किंवा सल्ला घेणं म्हणजे भत्ता नव्हे.

माझा कल असा: दीर्घ आजार असेल तर सर्जरीचा लिंक वर्कर, आजार नसून घरच मोडकं असेल तर कौन्सिल, आणि वीज कंपनीला फोन दोन्ही बाबतीत आजच. स्कॉटलंडात असाल तर होम एनर्जी स्कॉटलंडला थेट फोन करा, तो रस्ता सरळ आहे. आणि लिंक वर्करने नुसता नंबर लिहिलेला कागद हातात दिला, तर उठायच्या आधी विचारून घ्या: घरी कोण येणार, आणि कोणत्या तारखेला?