दहावीनंतर बी.कॉम. की आयटीआय?

खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्या पोरांच्या घरी निकालानंतर हाच प्रश्न असतो. बी.कॉम. म्हणजे दोन वर्षं पीयूसी (अकरावी-बारावी), मग तीन वर्षं पदवी, बहुतेकांची २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची. आयटीआयचे फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांत होतात.

पदवीची खरी अडचण फीची नाही, पायाची आहे. एकच गुरुजी एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळतात, अशा शाळेतून आलेलं पोर पीयूसीत एकदम इंग्रजीतून अकाउंटन्सी ऐकतं. मग गाईड पाठ करणं सुरू होतं. पदवी हातात येते, पण बँकेचा साधा अर्ज लिहायला दुसऱ्याला विचारावं लागतं. यात पोराचा दोष मला अजिबात दिसत नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांचा दिसतो.

आयटीआयत मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घेण्याचं साधन, हातात येतो. माप मिलिमीटरच्या काही शतांशांनी चुकलं तरी जॉब (मशीनवर बनवलेला भाग) रिजेक्ट होतो, तिथे घोकंपट्टी चालत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपही जवळच आहेत. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच, आणि सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) नीट शिकल्याशिवाय तो फारसा वाढत नाही.

केएएस (कर्नाटक प्रशासकीय सेवा), बी.एड., बँकेतली अधिकाऱ्याची जागा यांना पदवीच लागते. तिकडे जायचं पक्कं असेल तर बी.कॉम. करा. नुसतं 'ग्रॅज्युएट' म्हणवून घेण्यासाठी असेल, तर मी आयटीआयच सुचवेन. पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही घेता येतो.