शब्दांचं मूळ सापडतं, पण ॲपमध्ये शब्दच सापडत नाही (५ पैकी साडेतीन स्टार)

दोन महिने झाले वापरतेय हे ॲप, आता लिहायला हरकत नाही. इंग्रजी शब्द टाकायचा, मग तो कुठून आला, आधी काय अर्थ होता, कुठल्या कुठल्या भाषांतून फिरत आला ते सगळं दाखवतं. मी डाउनलोड केलं ते एका वादापायी. आमच्या ऑफिसात एकजण दर प्रेझेंटेशनला ठासून सांगायचा की रिसर्च म्हणजे री-सर्च, पुन्हा शोधणे, आणि बाकीचे माना डोलवायचे. मला ते पटायचं नाही पण उत्तरही देता येईना.

तर पहिला शब्द टाकला सर्च, आणि निघालं काय तर सर्कस! खरंच. लॅटिनमध्ये सर्कस म्हणजे गोल रिंगण, त्यावरून नंतरच्या लॅटिनमध्ये गोल फिरणे, भटकणे असं क्रियापद झालं, ते फ्रेंचमध्ये शिरलं (आजचं शेर्शे तेच) आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत आलं. म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून आपण त्याच तीन खोल्यांत गरगर फिरत बसतो ना, ते अगदी अस्सल सर्च आहे. आणि रिसर्चमधला री पुन्हावाला नाहीच, तो नुसता जोर द्यायला लावलेला, कसून शोधणे अशा अर्थाने. स्क्रीनशॉट ताबडतोब ग्रुपवर टाकला. साहेबांनी फक्त अंगठा दिला.

मग नादच लागला. रॅन्सॅक बघा, आज त्याचा अर्थ उलथापालथ, लुटालूट, पण जुन्या नॉर्स भाषेत (व्हायकिंग लोकांची भाषा) तो सरळ आपल्या 'घरझडती'सारखा जोडशब्द आहे, रान म्हणजे घर आणि पुढचा भाग म्हणजे शोधणे, चोरीचा माल घरात लपवलाय का त्याची रीतसर झडती. रमेज त्याहून भारी. तो जहाजावरचा शब्द, तळात माल नीट रचून ठेवणे, म्हणजे आजच्या अर्थाच्या बरोब्बर उलट! मग त्या रचलेल्या मालात काहीतरी हवं म्हणून पोती हलवा, पेट्या सरकवा, असं करता करता रचणाऱ्या शब्दाचा उचकापाचक करणारा शब्द झाला. माझ्या कपाटाचाही इतिहास साधारण हाच आहे. इन्व्हेस्टिगेटच्या पोटात पावलाचा ठसा निघाला, आपलं माग काढणे आठवलं एकदम.

आपला शोध मात्र वेगळ्याच घरचा, संस्कृत शुध् धातू, म्हणजे शुद्धचं सख्खं भावंड. त्यांचं शोधणं फिरण्यातून आलं, आपलं साफ करण्यातून. हे अर्थात ॲपमध्ये नाही, शाळेतलं संस्कृत कधी नव्हे ते कामी आलं.

आता तक्रार. ज्या ॲपमध्ये सर्च या शब्दाची एवढी सुंदर नोंद आहे त्याचा स्वतःचा सर्च भंगार आहे, दुसरा शब्द नाही. रॅन्सॅकमधला सी राहिला तर कोरी पांढरी स्क्रीन, 'तुम्हाला हे म्हणायचंय का' वगैरे काही नाही. अहो, ज्याला स्पेलिंग पक्कं माहीत नाही तोच डिक्शनरीत येतो ना जास्त! बॅक दाबलं की मागच्या शब्दावर न जाता थेट होमवर, म्हणजे सर्चवरून सर्कस, सर्कसवरून सर्कल असं चार शब्द आत गेलात की परत पहिल्यापासून टाइप करा. जाहिराती आहेत पण त्रास नाही, खाली पट्टीत असतात.

नोंदी लांबीला कमीजास्त आहेत. गूगलची अगदी दोन ओळींत उरकलीये, गूगॉल म्हणजे एकावर शंभर शून्यं त्यावरून नाव, संपलं. २००६ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीने ते क्रियापद म्हणून घेतलं, एवढं तरी टाकायचं होतं.

काल सीक (शोधणे या अर्थाचा) टाकायला गेले, घाईत एक ई कमी पडला, तर थेट आजारीपणाच्या कुठल्यातरी शब्दावर नेलं. शेवटी हव्या त्या नोंदीची लिंक बाहेर ब्राउझरमध्ये शोधून ॲप उघडलं. तो सर्च बॉक्स दुरुस्त करा, उरलेला दीड स्टार त्याच दिवशी देते.