सुजेवरच्या "आयुर्वेदिक" पुड्या घेताय? आधी हे वाचा

आमच्या आत्याच्या घोट्यांना संध्याकाळी सूज यायची, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मंगल कार्यालयात "सूज, सांधे, वजन" असं मोफत शिबिर लागलं, तेव्हा शेजारणींबरोबर तीही गेली. तिथल्या वैद्य म्हणवणाऱ्याने नाडी बघून महिन्याच्या पुड्या दिल्या, साडेचार हजारांना. पावती मागितली तर म्हणे, "सेवा आहे ही, पावती कसली?"

खरी चलाखी पुढेच. पहिल्या दिवशी वजन कार्डावर लिहिलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. अडीच किलो कमी! सूज होती तिथेच, पण "ती शेवटी जाते, तुम्ही काटा बघा." तो काटा बघून आणखी तिघींनी तिथल्या तिथे पैसे मोजले. चार दिवसांत एवढी चरबी झडत नाही हो, जातं ते पाणी. काट्याला त्यातलं काही कळत नाही, आणि त्या भामट्याला ते पक्कं ठाऊक होतं.

पुढे आत्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी, आणि एका पहाटे ती मोरीत कोसळली. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, पुडी घेतली की तासाभरात लघवीला पळावं लागतं?"

"अहो, दुपारपर्यंत सारखी!"

रक्तातलं पोटॅशियम २.७ निघालं, हवं किमान ३.५. थेट ॲडमिट. पुडीत फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि पोटॅशियमही बाहेर काढणारं औषध, कुटून घातलं असावं, असा डॉक्टरांचा संशय. लॅसिक्स म्हणतात ती गोळी. औषध वाईट नाही, हृदय-किडनीच्या सुजेत ते लागतंच. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि घेताना रक्तातले क्षार आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती तपासणी) तपासत राहावं लागतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असलेल्या माणसाचं पोटॅशियम असं घसरलं तर ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं.

आणि आत्याची सूज कशाची निघाली? बीपीच्या ॲम्लोडिपिनची! त्या गोळीने घोटे सुजतात आणि लघवीच्या औषधाने ती सूज फारशी हटत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, मग उतरली. मात्र बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पुड्यांवर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना तारीख. उरलेल्या आम्ही लेखी तक्रारीसोबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दिल्यात, अहवाल यायचाय. तुमच्या घरात असल्या पुड्या असतील तर फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.