वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या पिकअपसाठी फिल्टर किट घ्यावं का?

स्पेअरच्या दुकानात आता ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि चेंबर नटचा (इंजिनाखालचा, ऑइल काढायचा नट) वॉशर असं सगळं एका खोक्यात मिळतं. रोज दीड-दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला हे किट चांगलं आहे. सुटं घेण्यापेक्षा थोडे पैसे वाचतात आणि चुकीचा नंबर गळ्यात पडत नाही. पण गाडी द्राक्षाच्या नाहीतर आंब्याच्या हंगामात राबत असेल आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभी राहत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: किट घेऊ नका, फिल्टर सुटे घ्या. किट आणलं की सगळं एकाच दिवशी बसवलं जातं. कमी चालणाऱ्या गाडीत ऑइल बदलायचं गाडी उभी करण्याआधी आणि डिझेल फिल्टर बदलायचा ती पुन्हा बाहेर काढताना. या दोन कामांच्या मध्ये आख्खा पावसाळा जातो.

आधी ऑइलचं बघू. मॅन्युअलमध्ये ऑइलची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दोन्ही दिलेली असते, जे आधी होईल ते. दहा किंवा वीस हजाराचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, 'बारा महिने' मात्र कुणी वाचत नाही. वर्षाला चार हजार चालणाऱ्या गाडीला किलोमीटरचा आकडा गाठायला अडीच ते पाच वर्षं लागतील. तेवढं ऑइल टिकत नाही.

१ लिटर डिझेल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते, थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. लांबच्या फेरीत ऑइल चांगलं तापतं आणि ती वाफ निघून जाते. शेतापासून बाजार समितीपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरच्या फेरीत डॅशबोर्डवरचा पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध येतो, पण ऑइल तेवढं तापलेलं नसतं. वाफ आतच गार होते आणि काजळीसोबत ऑइलमध्ये मुरते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर आलं, त्यामुळे आम्ल पूर्वीपेक्षा कमी तयार होतं. तरी पाणी आणि जुनं होत गेलेलं ऑइल मिळून आम्ल बनतंच, आणि ते मारणारी रसायनं ऑइलमध्ये मोजकीच असतात. ती संपत आलेलं ऑइल चार महिने बेअरिंगवर तसंच बसून राहिलं, तर बेअरिंगचा मऊ थर खायला लागतं. म्हणून मेअखेर, हंगाम संपला की गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची, ऑइल गरम असतानाच चेंबर नट काढायचा, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचं, इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं आणि मगच गाडी शेडमध्ये लावायची. जुनं ऑइल भरलेली गाडी पावसाळाभर उभी करून दिवाळीत 'सर्व्हिसिंग' करणं म्हणजे जे नुकसान टाळायचं ते होऊ देऊन मग खर्च करणं.

काळं झालं म्हणून ऑइल खराब झालं असं नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बघायचं असेल तर ऑइल भरायच्या झाकणाखाली बघा. तिथे दुधाळ, लोण्यासारखा थर असेल तर पाणी साचतंय. दुसरी खूण म्हणजे कडक तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा एक थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे.

बीएस-६ गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि छोट्या फेरीत गाडी मध्येच बंद केली की त्यातलं काही डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पट्टीवर पातळी वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, तर महिने मोजत बसू नका, ऑइल काढून टाका. पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं.

ऑइल कोणतं? डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीला १५डब्ल्यू-४० जाडीचं, सीआय-४ प्लस दर्जाचं पुरेसं. डीपीएफवाल्या गाडीला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच. मॅन्युअलने मागितलं नसेल तर महागडं सिंथेटिक घेऊ नका. जास्त किलोमीटर टिकणं हा त्याचा मोठा फायदा, आणि ते तर वर्षभरात काढूनच टाकायचं आहे. ते पैसे चांगल्या फिल्टरवर घाला.

कमी चालणाऱ्या गाडीत ऑइल फिल्टर नीट निवडावा लागतो. त्यात रबराचा एक पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून. रोज चालणाऱ्या गाडीत तो थोडा ढिला असला तरी चालून जातं. आठ-पंधरा दिवसांनी चालू होणाऱ्या गाडीत ढिल्या पडद्यामुळे फिल्टर रिकामा होतो आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत बेअरिंग कोरडं फिरतं. काढलेला फिल्टर करवतीने कापून बघा. चांगल्यात कागदाच्या घड्या एकसारख्या अंतरावर, टोकाला सरळ चिकटवलेल्या आणि पडदा बोटाने दाबला की परत जागेवर येणारा असतो. हलक्यात घड्या एका बाजूला गोळा झालेल्या, मध्ये मोकळी फट, आणि पडदा पुठ्ठ्यासारखा कडक. दुकानात कापून बघता येत नाही, तिथे तारीख बघा. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. शेल्फवर कित्येक वर्षं पडलेल्या फिल्टरचं रबर आधीच सुकायला लागलेलं असतं.

बसवताना जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे हात फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की इंजिन चालू होताच सगळं ऑइल जमिनीवर येतं. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकल्यावर पाऊण आटा आणि बस. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी स्क्रू ड्रायव्हर आरपार घालून काढावा लागतो. चेंबर नटचा वॉशर दर वेळी नवा. ऑइल कॅनवरच्या आकड्यावर भरू नका. सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टीवर बघून भरा.

आता डिझेल फिल्टर. याची खरी गिऱ्हाइकं म्हणजे पाणी आणि टाकीतला चिखल. अर्ध्या टाकीवर गाडी उभी राहिली की पावसाळ्यातली दमट हवा टाकीत शिरते, रात्री पत्रा गार होतो, पाणी सुटून तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळी, बुळबुळीत साय तयार होते. गाडी पुन्हा चालू झाली की ही साय थेट फिल्टरच्या कागदावर जाऊन बसते. म्हणून शेडमध्ये लावताना टाकी फुल्ल करा आणि नवा डिझेल फिल्टर नोव्हेंबरमध्ये, पहिली लांबची फेरी झाल्यावर बसवा. किटमधला फिल्टर मे महिन्यात बसवला तर तो पावसाळाभराचं पाणी आणि घाण घेऊनच हंगामाला लागतो.

फिल्टर वर्षातून एकदा बदला, पण फिल्टरच्या खालची तोटी महिन्याला एकदा सोडा. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, पारदर्शक बाटली खाली धरून. पाणी तळाला वेगळं दिसतं. शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडायचं, तोटी हाताने बंद करायची आणि फिल्टरजवळचा डिझेलचा हातपंप मारायचा. एका वेळी अर्धा पेला पाणी निघालं तर दोष फिल्टरचा नाही, टाकी उतरवून धुवा. डॅशबोर्डवर पाण्याचा पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी तोटी सोडा.

जुन्या टाटा ४०७ सारख्या, मायको कंपनीच्या यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत, बाटलीत सतत स्वच्छ डिझेल येत असेल तर डिझेल फिल्टर दोन वर्षं नेला तरी चालेल. कॉमन रेलमध्ये (एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात) ही सवलत नाही. तिथे दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. पाण्याच्या थेंबाने वंगण गेलं की इंजेक्टरच जातो, आणि एका इंजेक्टरच्या पैशात बऱ्याच वर्षांचे फिल्टर येतात. इथे डुप्लिकेट फिल्टर घेणं मला अजिबात पटत नाही. ऑइल फिल्टरमध्ये एखाद्या नावाजलेल्या पर्यायी ब्रँडचा माल चालेल, कॉमन रेलचा डिझेल फिल्टर मात्र गाडीच्या कंपनीचा किंवा पंप बनवणाऱ्या कंपनीचाच घ्या.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नवा फिल्टर मधल्या भोकातून डिझेल ओतून भरणं. मधलं भोक गाळलेल्या डिझेलचं आहे, तिथे ओतलेला कण थेट पंपात जातो. कॉमन रेलमध्ये फिल्टर कोराच बसवा आणि हातपंप कडक होईपर्यंत दाबा. जुन्या पंपावर एअर स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा आणि पंप मारत असतानाच स्क्रू आवळा. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. कॉमन रेलचे वरचे पाइप ढिले करून एअर काढायला कुणालाही हात लावू देऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

फिल्टर चोंदला की गाडी सपाटीला ठीक चालते आणि कसारा घाटात लोडवर दम सोडते. सकाळी लांबलचक सेल्फ खाऊन सुरू होते आणि मग दिवसभर बिनतक्रार चालते, तर फिल्टर चोंदलेला नसून बहुधा कुठेतरी हवा शिरते आहे. आधी फिल्टरची रिंग आणि रबरी पाइप बघा, नाहीतर चांगला फिल्टर फुकट फेकला जातो.

धुळीचं रनिंग फार नसेल तर, एअर फिल्टर किटमध्ये असतो म्हणून दर वर्षी बदलायची गरज नाही. मात्र उभ्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा नोव्हेंबरमध्ये उघडाच, उंदीर घर करतात आणि कागद कुरतडतात.

दुकानात जाताना इंजिन नंबर आणि गाडी बीएस-४ की बीएस-६ हे लिहून न्या, एकाच नावाच्या पिकअपला या दोन्हींत डिझेल फिल्टर वेगळा लागू शकतो. बसवल्यावर फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर टाका. काढलेलं ऑइल बांधाला किंवा विहिरीकडे ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.