पानथरी फाटलीय: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

मागच्या पावसाळ्यात मामेभाऊ बाईकवरून घसरला, हँडल डाव्या बरगडीखाली बसलं, वरून नुसतं खरचटलेलं आणि हा म्हणतोय डावा खांदा दुखतोय. आम्हाला वाटलं खांदा मुरगळला. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं, मग सीटी स्कॅन, पानथरी म्हणजे स्प्लीन फाटलेली, ग्रेड 3. आतलं रक्त डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं हे तेव्हा कळलं.

फाटण्याचे ग्रेड 1 ते 5 असतात, 5 सगळ्यात वाईट, पण निर्णय नुसत्या ग्रेडवर होत नाही, आधी बीपी बघतात. सलाईन आणि रक्त देऊनही बीपी पडतच असेल तर ऑपरेशनच, तिथे सेकंड ओपिनियनमध्ये वेळ घालवू नका प्लीज.

बीपी टिकून असेल तर मात्र पानथरी वाचवायचा प्रयत्न नक्की व्हावा. लहान मुलांत तर बहुतेकदा न कापताच भरून येते, टोरोंटोच्या सर्जननी हे 1968 मध्येच मांडलं होतं, त्याआधी फाटली की काढायची हाच नियम. पण न कापणं म्हणजे नुसतं झोपून राहणं नाही हां, आयसीयूत तासातासाला पल्स-बीपी, पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन, सुरुवातीला पोट रिकामं. भावाची पल्स 110 वरून 88 वर आली तेव्हा मामीने दीड दिवसाने पहिला चहा घेतला. रक्त गळणारी नस सीटीत दिसली तर मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून ती आतून बंद करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला, पोट उघडावं लागत नाही, पण ही सोय सगळीकडे नसते. म्हणून रात्री दोन वाजता सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि रक्त मिळेल का हे आधी विचारा, नसेल तर पेशंट स्टेबल आहे तोवरच मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं का ते डॉक्टरांशी बोला.

पानथरी काढून टाकली तर तिथलं रक्त थांबतं, तो घोर जातो. पण इन्फेक्शनशी लढणारा एक मोठा अवयव गेलेला असतो, तो धोका जन्मभराचा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंविरुद्धच्या लसी लागतात, इमर्जन्सी ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी देतात, डिस्चार्जच्या गडबडीत हे हमखास राहून जातं, त्यामुळे स्वतः विचारा. पुढे कधीही थंडीताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल, आणि पानथरी काढलीय हे पहिल्या वाक्यात सांगायचं. कुत्रा चावला तरी तेच. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात तर जास्तच जपायचं.

भावाला तीन महिने बाईक आणि कबड्डी बंद होती. उशिरा पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे घरी आल्यावर अचानक पोटात दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर लगेच गाडी काढायची, मध्यरात्र असली तरी.