सांडा, बिअर्डेड ड्रॅगन की लेपर्ड गेको? मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाळवंटी सरडा पाळायचा झाला तर

सरडा पाळायची हौस असलेले अनेक जण आधी सांड्याचीच, म्हणजे काटेरी शेपटीच्या देशी सरड्याची चौकशी करतात. आपल्याच देशातला प्राणी, थारच्या उन्हात वाढलेला, पाला खाणारा. मग परदेशी सरड्यापेक्षा तो सोपा आणि स्वस्तच पडणार, असा हिशोब असतो. यातलं देशी असण्याचं खरं, पाला खाण्याचंही बव्हंशी खरं, पण सोपा आणि स्वस्त हा हिशोब चुकतो.

सांड्याचा निकाल लवकर लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. 'ओळखीतल्या एकाकडे पैदास होते' वगैरे ऐकलंत तर तिथूनच मागे फिरा. घोरपडीलाही हेच लागू, मग ती शेतातली असो की वाळवंटातली. चोरून विकला जाणारा सांडा कच्छ-राजस्थानातल्या बिळातून उकरून काढलेला असतो. फुटपाथवर मिळणारं 'सांडे का तेल' म्हणजे त्याच्याच शेपटीतली चरबी. औषध म्हणून त्याला काडीचा आधार नाही, पण त्यापायी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी मुंबईत त्याचे हालच. उन्हात बसायला त्याला ४५ अंशांच्या पुढची जागा लागते, खोल बीळ खणायला माती लागते आणि थंडीत तो बिळाचं तोंड बंद करून आत पडून राहतो. चार फुटी काचेच्या पेटीत यातलं काय जमणार? 'मग परदेशी सांडा चालेल का?' असंही विचारतात. अरबस्तान-आफ्रिकेकडचे हे युरोमॅस्टिक्स सायटिसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या यादीत आहेत. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. कागद चोख असले तरी दमट हवेचं काय करणार, हा प्रश्न उरतोच.

उरले दोघे. ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला लेपर्ड गेको.

मुंबईत उष्णतेची चिंता कमी. रात्री हीटर लावायची वेळ सहसा येत नाही. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ड्रॅगनला हवेत ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. आठवडेच्या आठवडे अशा हवेत राहिला तर त्याच्या श्वासनलिकेला आणि फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. तोंड उघडं ठेवून बसणं आणि नाकाशी बुडबुडे ही धोक्याची खूण. तोंड नुसतं उघडं असलं तर घाबरू नका, पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली तापल्यावर तो तसाही बसतो. पावसाळ्यात खोलीत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र लागतंच. एसीने हवा कोरडी होते, पण गारही होते, म्हणजे दिवा जास्त वेळ चालवा. गेकोला मात्र कात टाकायला एक ओलसर कपार मुद्दाम करून द्यावी लागते, त्यामुळे दमटपणा तो थोडा जास्त सोसतो. याचा अर्थ ओल आलेली भिंत त्याला चालते असा नाही.

पेटीत वाळू घालू नका. वाळवंटी म्हटलं की लोकांना वाळूच आठवते, पण ती पोटात जाऊन अडकू शकते. कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) पावसाळ्यात बुरशी धरते. शहाबादी फरशीचा तुकडा सगळ्यात बरा: दिव्याखाली छान तापतो, पुसता येतो, नखंही घासली जातात. दिव्याखाली फरशीचं तापमान ड्रॅगनसाठी ४० अंशांच्या आसपास हवं, गेकोसाठी ३२ पुरे. पेटीचं दुसरं टोक थंड राहिलं पाहिजे, नाहीतर त्याला हलायला जागाच उरत नाही.

ड्रॅगन दिवसा जागा असतो, माणसाकडे बघतो, हातावर बसतो. पण त्याला यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी ट्यूब लागतेच. ट्यूब उजेड देत असली तरी तिची यूव्हीबी काही महिन्यांत उतरते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी ती बदला. 'खिडकीत ऊन येतं की' म्हणाल, पण काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी नसेल तर कॅल्शियम शरीराला लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. शिवाय पेटी किमान चार फूट बाय दोन फूट. वन रूम किचनमध्ये ती कुठे ठेवणार, ते प्राणी आणायच्या आधी टेप घेऊन ठरवा.

गेकोला तीन फुटांची पेटी पुरते, पण तो संध्याकाळनंतर जागा होतो. ऑफिसातून आठला घरी येणाऱ्याला हेच बरं. अडचण खाण्याची. मोठा झालेला ड्रॅगन जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा असलं खातो, किडे अधूनमधून. गेको जन्मभर जिवंत किडेच खाणार, तेही कॅल्शियमची पूड लावून. त्याला खाऊ घालायची डुबिया झुरळं गुळगुळीत डब्यातून वर चढत नाहीत हे आईला किंवा सासूबाईंना कितीही पटवून सांगा, ओट्याखाली तो डबा कोणी ठेवू देणार नाही. आणि गेको १५ ते २० वर्षं जगतो, ड्रॅगन साधारण दहा.

कागदांच्या बाबतीत माझा कल ड्रॅगनकडे. त्याच्यासारखा प्राणी भारतात रानात नाही. लेपर्ड गेकोची एक जवळची जात मात्र गुजरात-महाराष्ट्रातच राहते, त्यामुळे तुमचा गेको पैदास केंद्रातला आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. दोघांसाठीही पक्कं बिल घ्या आणि जनावर मुळात देशात कुठून आलं ते विचारा. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून सरडे पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून येतच असतात.

दोघांतून निवडायचंच तर छोट्या घरासाठी गेको, किडे चालत असतील तरच. घरी दिवसा कोणी असेल आणि पावसाळ्याचं वीजबिल झेपणार असेल तर ड्रॅगन. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर तूर्तास दोन्ही नकोत. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लहान मुलं हात तोंडात घालणारच. सरड्यांवर उपचार करणारा पशुवैद्यही आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला ते जमत नाही.

ओढ मुळात सांड्याचीच असेल, तर वांद्रे टर्मिनसवरून कच्छ एक्सप्रेस पकडा आणि भुजला उतरा. थंडी सरल्यावर, ऊन तापलं की माहीतगार वाटाड्या घेऊन बन्नीच्या गवताळ माळाकडे जा. सांडा बिळाच्या तोंडाशी पसरून ऊन खात असतो. ससाणा दिसला किंवा तुम्ही दोन पावलं जास्त पुढे टाकलीत की काटेरी शेपूट आत ओढून गडप. हे पेटीत बघायला मिळत नाही. कच्छ लांब वाटत असेल तर एप्रिल-मेमध्ये साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळा पंख्यासारखा उघडणारे सरडे बघा. ते वाळवंटी नाहीत, पण झकास.

आणि सांडा आधीच घरात आला असेल, तर आरेत किंवा नॅशनल पार्कात नेऊन सोडू नका. तिथे तो जगणार नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.