फिश हाउसचा पत्रा: नमुना एक दाखवला, ठोकला दुसराच

या हिवाळ्यात स्वतः बांधलेलं फिश हाउस ज्यांना बर्फावर न्यायचं आहे आणि ज्यांचं साइडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, अजून बसायचं आहे, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. इथे मिनेसोटात एका पत्रेवाल्याने आम्हाला ठरवून, पद्धतशीर गंडवलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची पद्धत लिहिते. कारण ही पद्धत त्याच्या एकट्याची नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथली तळी हिवाळ्यात गोठतात आणि बर्फाला भोक पाडून लोक गळ टाकून बसतात. उणे २५-३० अंशांत उघड्यावर बसणं शक्य नसतं, म्हणून चाकांवरची खोली गाडीमागे जोडून तळ्यावर नेतात, चाकं वर घेऊन ती बर्फावर टेकवतात आणि खोलीच्या तळाला ठेवलेल्या भोकांतून मासे धरतात. वॉलाय नावाचा इथला मासा आमच्या घरी सुरमईसारखा तिखट-मीठ लावून, रवा लावून तळला जातो, त्यामुळे हा छंद आमच्याकडे चांगलाच रुजला आहे. अशी तयार चाकांवरची खोली, म्हणजे व्हीलहाउस, फार महाग पडतं. म्हणून मी आणि माझ्या धाकट्या दिराने ते गॅरेजमध्येच बांधायला घेतलं. खाली लोखंडी ट्रेलर, वर लाकडी सांगाडा, ८ बाय १६ फुटांचं, भिंती ७ फूट उंच. सांगाडा, खिडक्या, वायरिंग सगळं घरचं. बाहेरचा पत्रा तेवढा माहितगाराकडून बसवून घ्यायचा, असं ठरवलं होतं.

साइडिंगचा अभ्यास आम्ही कसून केला होता. व्हायनिल, म्हणजे प्लास्टिकचं साइडिंग, घरांना ठीक असतं, पण कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं, बर्फाचा ढेकूळ लागला तरी तडकतं. शिवाय ते भिंतीवर सैल टांगलेलं असतं, हायवेच्या वेगाला खडखडून सुटतं. लाकडाच्या भुश्याचे दाबून केलेले तक्ते दिसायला सुंदर, पण जड. खालची कड तळ्यावरच्या चिखलबर्फात भिजली आणि ती नीट रंगवलेली नसली की फुगते. २९ गेजचा पन्हळी स्टीलचा पत्रा मजबूत आणि स्वस्त आहे. आमच्या भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे ३३५ चौरस फूट, म्हणजे त्याचं वजन शंभर किलोच्या पुढे गेलं असतं. ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर जाडीचं रंगीत अॅल्युमिनियम तेवढ्याच भिंतींना ६५ किलोच्या आत बसतं. हे वजन गाडीलाही ओढायचं असतं आणि बर्फालाही पेलायचं असतं. जड पिकअप आणि मागे व्हीलहाउस असेल तर बर्फ किमान २० इंच हवा, असं इथलं डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, सांगतं. तेव्हा अॅल्युमिनियम, आणि तेही ०.०३० जाडीचंच, हे आमचं पक्कं होतं.

सप्टेंबरात ऑनलाइन जाहिरात दिसली. ट्रेलर कारखान्यातून उरलेला पांढरा पत्रा, बसवून देण्यासकट २,६०० डॉलर. आम्ही भाड्याच्या गोदामात जाऊन भेटलो. माणूस बोलायला मोकळा, कामातलं सगळं जाणणारा. दिराने जाडी मोजायचा कॅलिपर नेला होता. समोर ठेवलेल्या पत्र्याची कड मोजली, रंगासकट ०.७८ मिलिमीटर. पत्रा कडक, हाताने दाबला तर दबत नव्हता. त्याने आपण होऊन त्याचा एक तुकडा कापून दिला, ‘घरी ठेवा, जुळवून बघा,’ म्हणाला. अर्धी रक्कम विसार मागितली. कार्ड घेत नाही म्हणाला, बँकेतून थेट पाठवा म्हणाला. पावतीवर लिहिलं: पांढरं अॅल्युमिनियम, ट्रेलर ग्रेड.

‘ट्रेलर ग्रेड’ नावाचं कुठलंही माप नाही, हे मी ठळकपणे सांगते. ट्रेलरला ०.०२४ चाही पत्रा लागतो, ०.०३० चा लागतो, ०.०४० चाही लागतो. जुन्या मोबाइल होमला ०.०१९ चाही असायचा. हा शब्द पावतीवर मुद्दाम घालतात, म्हणजे पुढे कशालाही तो चिकटवता येतो.

दुसरी पाचर त्याने वेळापत्रकात मारली होती. थंडी अडवायला भिंतीत आतून फोम मारतात, तो मारणारा त्याच्याच ओळखीचा होता. पत्रा बसेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला बोलावू, नाहीतर तो पुढे महिनाभर मिळणार नाही, असं त्याने पटवलं. या व्यवसायात हंगामाची घाई खरी असते, म्हणून ते खोटंही वाटत नाही. पण बंद पेशींचा फोम पत्र्याच्या आतल्या बाजूला थेट चिकटतो. एकदा तो बसला की पत्रा काढायचा म्हणजे भिंत फाडायची. कड कोपरपट्टीखाली गेलेली, पाठ फोमखाली गेलेली, आणि मागे फोम असला की पातळ पत्राही हाताला टणक लागतो. आम्ही दोघं कामावर असताना त्याची माणसं येऊन पत्रा ठोकून गेली. संध्याकाळी फिश हाउस पांढरंशुभ्र, देखणं दिसत होतं. उरलेली रक्कम घेऊन तो गेला.

जानेवारीत मिल लॅक्स तळ्याकडे निघालो. १६९ नंबरच्या रस्त्यावर वारा समोरून होता. ओनेमियाला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा पुढच्या कोपऱ्यातली पट्टी वरच्या अर्ध्यात सुटून फडफडत होती. दिराने हातमोजे काढून पट्टी बाजूला केली. स्क्रूची गोल भोकं लांबट झाली होती, दोन ठिकाणी पत्रा कडेपर्यंत कागदासारखा फाटला होता. पट्टीखाली पत्र्यावरची संरक्षक प्लास्टिकची फिल्म तशीच होती, आणि सीलंट त्या फिल्मवरच भरलेलं होतं. त्याने फिल्मचं टोक धरून ओढलं तर सीलंटची अख्खी दोरी तिच्यासोबत निघून आली. म्हणजे तो सांधा एक दिवसही पाणबंद नव्हता. मग खिशातून कॅलिपर काढून त्याने फाटलेली कड मोजली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी, हा आपण मोजलेला पत्रा नाहीच.” रंगासकट जेमतेम अर्धा मिलिमीटर. ०.०१९ चा माल. पैसे ०.०३० चे.

पट्टी टेपने बांधून आम्ही तिथूनच परत फिरलो. घरी येऊन एकेक जागा उघडली तसं बाकीचं दिसत गेलं. सांधे उलटे चढवलेले होते. पुढचा पत्रा मागच्याच्या वर यायला हवा, म्हणजे गाडी पळताना वारा सांध्यात घुसत नाही. यांनी पुढून सुरुवात करून प्रत्येक मागचा पत्रा वर चढवला होता. सांधे पाणबंद करणारी चिकट ब्यूटिल टेप कुठेच नव्हती. स्क्रू स्टेनलेसचे ठरले होते, लावले होते साधे जस्त चढवलेले. आणि तळाच्या लाकडापाशी, जिथे पत्रा थेट टेकला होता, तिथे पांढरी, खरखरीत भुकटी धरायला लागली होती. आम्ही तळाला औषध मारलेलं हिरवट लाकूड वापरलं होतं, कारण ते कुजत नाही. त्या औषधात तांबं असतं. ओलावा मिळाला, वरून इथल्या रस्त्यांवरचं मीठ मिळालं, की तांबं अॅल्युमिनियम खायला लागतं. म्हणून मधे चिकट मेम्ब्रेनची पट्टी लावायची असते. ती लावण्याचे पैसे त्याने वेगळे घेतले होते.

हे सगळं कोणाच्या लक्षात का येत नाही, तर हिवाळाभर घर तळ्यावर असतं, आणि दक्षिणेकडच्या तळ्यांवरून ते मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत काढावंच लागतं. भिंतीत पाणी शिरल्याचं कळायला उन्हाळा उजाडतो. शिवाय आत ओल दिसली तर दोष हिटरवर ढकलता येतो. १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, तेव्हा तो दोष खराही वाटतो. आमच्याशी फोनवर त्याने हेच केलं. आधी म्हणाला खोलीत वाफ धरते, मग म्हणाला ट्रेलर ग्रेड सांगितला होता, ट्रेलर ग्रेड दिला. नमुन्याच्या तुकड्याचा आणि फाटलेल्या कडेचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवला, त्यानंतर फोन उचलायचाच बंद झाला.

आमच्या ओळखीच्या विस्कॉन्सिनमधल्या एका कुटुंबाला दुसऱ्याच कोणीतरी असंच लुबाडलं. पैसे अॅल्युमिनियमचे घेतले आणि छताला रंगवलेलं स्टील मारलं. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं तर चिकटलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, एवढी साधी परीक्षा, पण छतावर चढून ती कोण करतं?

जाडी कळायला कॅलिपरपेक्षाही सोपा उपाय वजनकाटा आहे. ४ बाय ८ फुटांचा अख्खा पत्रा गुंडाळी करून घरातल्या काट्यावर ठेवा. ०.०३० चा साधारण ६ किलो भरतो, ०.०२४ चा ५ च्या आत, ०.०१९ चा ४ किलोसुद्धा भरत नाही. यात बनवाबनवी करायला जागाच नाही. पण हे गोदामात दाखवलेल्या पत्र्यावर करून उपयोग नाही. तुमच्या दारात उतरवलेल्या थप्पीतला, मधला कुठलाही एक पत्रा ओढून करा, आणि तेव्हाच उरलेले पैसे द्या. पावतीवर जाडी इंचात आकड्यांनी लिहून घ्या. स्क्रू कसले, सांध्यात काय, लाकूड आणि पत्र्यामध्ये काय, हेही लिहून घ्या. फोमवाला आपला स्वतंत्र बोलवा, आणि पत्रा बसल्यावर निदान आठवडाभर मधे ठेवा. त्या आठवड्यात आतून पाठ पाहता येते, बाहेरून पाइपने पाणी मारून सांधे तपासता येतात. हंगाम गेला तर जाऊ द्या. नोव्हेंबरात बर्फ धरायच्या आधी काम संपलंच पाहिजे, या घाईवरच ही माणसं जगतात.

पत्रा थंडीत आकसतो, तेही बसवणाऱ्याला विचारून बघा. उन्हाळ्यातल्या ३५ अंशांपासून उणे ३० पर्यंत ७ फूट उंचीचा अॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे ३ मिलिमीटर आखडतो. म्हणून स्क्रूची भोकं थोडी मोठी आणि खाली रबरी वॉशर लागतात. ज्याला काम येतं तो हे लगेच सांगतो.

पैशांचं म्हणाल तर थेट पाठवलेली रक्कम बँकेने परत मिळवून दिली नाही. तुम्हीच पाठवलीत, असं उत्तर आलं. आम्ही राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात ग्राहक तक्रार केली आणि कन्सिलिएशन कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावला. तिथे वकील लागत नाही, २० हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात. तो तारखेला आला नाही, निकाल आमच्या बाजूने लागला. पण वसुली कोर्ट करून देत नाही, ती आपल्यालाच मागे लागून करावी लागते. त्यासाठी समोरच्याचं कायदेशीर नाव आणि पत्ता लागतो. गोदाम तोवर त्याने सोडलं होतं. आमची वसुली अजून चालू आहे आणि आम्ही ती सोडणार नाही.

घराची पुढची भिंत आम्ही फोमसकट उतरवली आणि नव्याने केली, या वेळी मोजून, वजन करून घेतलेल्या पत्र्याने. बाजूच्या भिंतींचे सांधे उघडून, फिल्म काढून, ब्यूटिल टेप आणि स्टेनलेसचे स्क्रू घातले. तळाला सगळीकडे मेम्ब्रेन लावून वर चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, मारली. तुमचा पत्रा बसून झाला असेल आणि फोम अजून बाकी असेल, तर फोमवाल्याला आजच फोन करून थांबवा आणि खिडकीच्या चौकटीपाशी पत्र्याची कड मोजून बघा. तिथे ती अजून उघडी असते.